माणसं धरणारं पुस्तक

आगरदांडा,
ता. १४ नोव्हेंबर १९३१

चि. कोकिळेस गुणाजीमामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं दिवाळीचं पत्र पोचलं आणि इथे जो गोंधळ उडाला तो आधी ऐक, खुशाली मागाहून.

मी मुरुडला गेलो तेव्हा तुझी आई अंगणात बोंबील निवडत बसली होती, भोवती चार शेजारणी. मला वाटलं, चला, भाचीचं कौतुक चौघींच्या कानांवर जाऊ दे. मोठ्याने वाचायला लागलो. अलिबागेला थंडी पडली, ठीक. सातवीची फायनल जवळ आली, ठीक. पुढे तू लिहितेस की पवित्र शास्त्राच्या तासाला लूकचं शुभवर्तमान चालू आहे, त्यात कोळी येतात, आणि येशू त्यांना सांगतो की आजपासून तुम्ही माणसं धराल.

बोंबील निवडणारे हात जागच्या जागी थांबले.

पोरी, गेल्या साली आपल्या कोळीवाड्यात माणसं धरायला कोण आलं होतं, विसरलीस? आगबोटींवर खलाशी पुरवणारा तो दलाल! तीन पोरं घेऊन गेला, आजतागायत एकाचाही कागद नाही. त्यातल्या एकाची आई, गोदू, तिथेच बसली होती. ती म्हणाली, "केसर, तुजी पोर धरली गो." झालं. केसर उठली, हात झटकले आणि मला म्हणाली, "दादा, माजी पोर घरी आन."

मी म्हटलं, अगं, परीक्षा आहे. लूकच्या पुस्तकातल्या मुख्य गोष्टी कोणत्या, ते परीक्षकांपुढे तोंडी सांगायचं. ते जमलं की मिशनवाले तिला शाळेतच बालवर्गावर मास्तरीण म्हणून ठेवतील. "मला मास्तरीन नको, पोर पायजे," म्हणाली. बाप नसलेली एकुलती एक पोर. शेवटी मुदत मागून घेतली. शिमग्यापर्यंत ते पुस्तक मी स्वतः वाचणार, केसरला वाचून दाखवणार. त्यात दगा दिसला तर तुला न्यायला मीच येणार.

तेव्हा पुस्तक धाड, आणि त्यातली एकेक मुख्य गोष्ट मला लिहून कळव. तुझा अभ्यास होईल, आमचा निकाल होईल.

आणखी एक. पत्राच्या शेवटी तू 'आईस नमस्कार' लिहिलंस. केसर म्हणाली, "आई कोन?" मी म्हटलं, तूच की. म्हणाली, "मी आय हाय." थट्टा असेल म्हणून मी हसलो, ती हसली नाही. दसऱ्याला सुकी मासळी घेऊन ती अलिबागेला आली होती ना, तिथून परतल्यापासून तुझं नाव निघालं की ती दुसऱ्याच गोष्टीवर जाते. माझे कान तिखट आहेत, तुला ठाऊक आहे.

अक्षराला हसू नकोस. मी शाळा फक्त बाहेरून पाहिली. अक्षरं शिकलो ती होडीत चढणाऱ्या गोण्यांवरची, म्हणून गोणीवरच्याएवढीच काढतो.

तुझा,
गुणाजीमामा

अलिबाग,
ता. २१ नोव्हेंबर १९३१

ती. गुणाजीमामांस कोकिळेचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी हसले आणि मग घाबरले. गोदूमावशीला सांगा, हे धरणं वेगळं. आम्हाला शास्त्र शिकवणाऱ्या नीराबाई सांगतात की ज्या भाषेत लूकने लिहिलं तिथे शब्द आहे तो जिवंत धरण्याचा. मासा धरला की मरतो. माणूस धरायचा तो जगावा म्हणून, बुडत्याचा हात धरतात तसा.

हीच पहिली मुख्य गोष्ट म्हणा. या पुस्तकातला येशू आत बसलेल्यांपेक्षा बाहेर उभे असलेल्यांकडे जास्त जातो. त्याचा जन्म होतो तर पहिली बातमी रानातल्या मेंढपाळांना. जेवायला बसतो तो जकात घेणाऱ्यांबरोबर. महारोगी, विधवा, परमुलखातले लोक, ज्यांना कोणी जवळ करत नाही त्यांच्याशी तो थांबून बोलतो. नीराबाई म्हणतात, या पुस्तकात कोणालाही दाराबाहेर ठेवलेलं नाही. हे मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं आहे. वर्गात उभं राहून सांगायला मात्र अजून जमत नाही.

पुस्तक जैनुद्दीनचाचांच्या मचव्यातून धाडते. दसऱ्याला आई आली तेव्हा माझा तास होता, फार बोलता आलं नाही. ती त्याबद्दल काही म्हणाली का?

आपली,
कोकिळा

आगरदांडा,
ता. १० डिसेंबर १९३१

चि. कोकिळेस आशीर्वाद.

तुझी आई काही म्हणाली नाही, आणि तेच मला आवडत नाही. असो.

पुस्तक वाचतो आहे. दिघीला जाणारी माझी होडी भरेपर्यंत वल्ह्याला टेकून वाचतो, आणि मला मनात वाचता येत नसल्यामुळे उतारूही ऐकतात. परवा होडी भरली तरी कोणी 'सोड' म्हणेना. मचव्याला फेरी नव्हती म्हणून जैनुद्दीन माझ्या सुकाणूवर बसून ऐकत होता. म्हणाला, "गुणाजी, यातली निम्मी मानसं आमच्या वळखीची हायत. हजरत ईसा, बीबी मरियम, फरिश्ता जिब्रील. तू आता भेटतोयस, आमच्याकडं ती पयल्यापासून येतात-जातात."

तो झाडावर चढून बसलेला ठेंगू जकातदार मला फार आवडला. नाव जक्कय! जकात नाक्यावरचा म्हणूनच जक्कय, असं मी उतारूंना ठासून सांगितलं. आपल्या बंदरावरचा नाकेदार त्याच होडीत होता. त्याने दिघी येईपर्यंत मान वर केली नाही.

मुरुडला केसरला वाचून दाखवलं ते शिमोन पेत्राच्या सासूचं. बाई तापाने फणफणलेली, येशूने ताप उतरवला, आणि ती लगेच उठून सगळ्यांना वाढायला लागली. केसर म्हणाली, "ताप आत्ता उतरला ना? मग तिला कोनी बस म्हनलं न्हाय?" मी पुन्हा वाचून पाहिलं. खरंच कोणी म्हटलेलं नाही.

आता माझा प्रश्न. हा धंद्यातल्या माणसाचा प्रश्न आहे, नीराबाईंना नीट विचार. पाचव्या अध्यायात त्या कोळ्यांना मासळी लागते. जाळी फाटायला आली, दुसरी होडी बोलावली, दोन्ही बुडायच्या बेतात. आयुष्यात एकदा लागावी अशी मासळी! होड्या काठाला लावल्या आणि सगळं टाकून हे येशूच्या मागे गेले. बरं केलं. पण त्या मासळीचं काय झालं? दोन होड्या मासळी उन्हात टाकून शहाणा कोळी जात नाही. लूक डॉक्टर होता म्हणतात. डॉक्टरला हे सुचलं नसेल, पण मला तिथून पुढे जाववत नाही.

तुझा,
गुणाजीमामा

अलिबाग,
ता. २२ डिसेंबर १९३१

ती. मामांस सा. नमस्कार.

तुमचा प्रश्न मी भर वर्गात विचारला. पोरी इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातून निरोप आला. नीराबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "बारा वर्षं हा अध्याय शिकवते आहे. मासळीचं मला कोणी विचारलं नाही. तुझ्या मामांनाच उत्तर विचार."

पुढच्या मुख्य गोष्टी. एक म्हणजे वरचे खाली आणि खालचे वर होणं. मरिया तर मूल पोटात असतानाच गाते की देवाने भुकेल्यांना तृप्त केलं आणि श्रीमंतांना रिकाम्या हातांनी लावून दिलं. श्रीमंतांना या पुस्तकात फार ऐकून घ्यावं लागतं. सुईच्या नेढ्यातून जाणारा उंट आला की थोडं सांभाळून वाचा, मामा. तुमच्या आता दोन होड्या आहेत.

दुसरी म्हणजे हरवलेलं सापडणं. मेंढरू हरवतं, नाणं हरवतं, मुलगा हरवतो. तिन्ही वेळा शोधणाऱ्याला सापडलं की तो गावाला बोलावून आनंद करतो. तिसरी, शेजारी कोण याची. वाटेत मार खाऊन पडलेल्या माणसाला आपले लोक ओलांडून जातात आणि ज्याच्याशी वैर तोच थांबून उचलतो.

मग एकविसाव्यात मंदिराच्या पेटीत दोन दमड्या टाकणारी गरीब विधवा. आणि तेविसाव्यात क्रूसावर असताना येशू आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो, शेजारी टांगलेल्या चोरालाही आपल्याबरोबर नेतो. चोविसाव्यात तो उठतो.

परीक्षा पाच मार्चला आहे. आईला विचाराल ना?

आपली,
कोकिळा

आगरदांडा,
ता. ६ जानेवारी १९३२

चि. कोकिळेस आशीर्वाद.

मासळीचा निकाल लागला. केसरने लावला.

मी तिला म्हटलं की अलिबागेच्या बाईंनाही उत्तर येत नाही. ती सोडे उन्हात पसरत होती, वर न बघता म्हणाली, "बायकांनी इकली. आनखी कोन? मासळी धरली की पुरुषाचं काम सरलं. ते गेले मागं मागं. हितं घरच्या बायकांनी पाट्या भरल्या आन् बाजार गाठला." मी थक्क झालो. वर म्हणते, "पुढं बग, बायकांचं कायतरी आसंल." तीन अध्याय पुढे गेलो तर निघालं की! कितीतरी बाया त्याच्याबरोबर गावोगाव फिरत होत्या आणि स्वतःच्या पदरचं घालून सगळ्यांचं चालवत होत्या. "आता कसं," केसर म्हणाली आणि सोडे पसरायला लागली. नीराबाईंना माझा नमस्कार सांगून हे कळव.

त्या दिवसापासून रोज दुपारी, जाळी वाळत असताना, मला वाचायला बसवते. गोदूही येते. उंट मी भरभर वाचून टाकला, तरी दोघींनी माझ्याकडे बघून घेतलं.

पण परीक्षेचं काढलं की एकच, "न्हाय." मी विचारलं, पुस्तकात वाईट काय आहे? म्हणाली, "पुस्तकात कायबी न्हाय." मग? ती जाळं झटकायला लागली.

आता तुझ्याकडे वळतो. गोण्या उतरवताना मधला आकडा चुकला की मला जेवण जात नाही. तू एकविसावा लिहिलास, तेविसावा लिहिलास, चोविसावा लिहिलास. बाविसावा कुठे गेला? एवढा मोठा अध्याय! मी काल तो वाचला. येशूला धरून नेलं आहे, पेत्र बाहेर शेकोटीपाशी बसला आहे, लोक विचारतात, तूही त्याच्यातलाच ना? तो तीन वेळा म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. कोंबडा आरवतो. येशू वळून त्याच्याकडे बघतो.

इथवर वाचलं आणि केसर उठून आत गेली. भाकरी करपेल म्हणाली. चूल पेटलेली नव्हती.

तू हे पान गाळलंस आणि ती त्याच पानावर उठली. माझ्या दोन कानांत दोन्ही बाजूंनी काहीतरी वाजतंय. काय ते लिही.

तुझा,
गुणाजीमामा

अलिबाग,
ता. १३ जानेवारी १९३२

ती. मामांस,

दसऱ्याला माझा तास नव्हता.

मधली सुट्टी होती. आम्ही मुली फाटकाजवळ उभ्या होतो. आय रस्त्याच्या कडेने आली, डोक्यावर पाटी, पदर कमरेला खोचलेला, अंगाला सुक्या मासळीचा वास. माझ्याकडे बघून हसली. रतन म्हणून माझी एक मैत्रीण आहे, तिने नाकाला रुमाल लावून विचारलं, "कोण गं ती?" मी म्हटलं, "आमच्या गावची मासळीवाली आहे."

आयने पाटी उतरवली, सोड्यांची पुडी पहारेकऱ्याकडे दिली आणि गेली. मी मान खाली घालून उभी राहिले. तिला ऐकू गेलं की नाही, मला ठाऊक नाही. रोज ठरवते की नाही गेलं.

बाविसावा अध्याय मला पाठ आहे, मामा. पण परीक्षकांपुढे तो सांगायची वेळ आली तर तोंडातून शब्द निघणार नाही. बाहेरच्यांना आत घेणारं पुस्तक, ते मी कोणत्या तोंडाने शिकवू? तुम्ही मला न्यायला आलात तरी मी काही म्हणणार नाही.

कोकिळा

आगरदांडा,
ता. २० जानेवारी १९३२

चि. कोकिळेस आशीर्वाद.

केसरने विचारलं, "पत्र आलं?" म्हटलं, आलं. "काय म्हनते?" म्हटलं, बरी आहे. इतकं आखूड पत्र मी जन्मात वाचून दाखवलं नव्हतं.

ही गोष्ट माझ्या तोंडून जायची नाही. तुझं आहे, तू सांग. तुला न्यायला मी येणार नाही. माझ्या होडीत बसून रडणारा उतारू मला परवडत नाही, बाकीचे उतारू भाडं सोडून समजूत घालत बसतात.

मात्र २९ तारखेला, शुक्रवारी, जैनुद्दीनचा मचवा सुकी मासळी घेऊन अलिबागेला लागतो. केसर त्यात आहे. तिने जावं म्हणून मी काडीचीही खटपट केलेली नाही, असं तू समज.

मी रागावलो असेन असं तुला वाटेल. रागावलोच होतो, दिघीला जाईपर्यंत. परतताना आठवलं की पहिली होडी घेतली त्या साली मीही पाहुण्यांना सांगत असे की आमच्या घरी पूर्वीपासून होड्या आहेत. बाप दुसऱ्याच्या होडीत पाणी उपसत होता.

तुझा,
गुणाजीमामा

अलिबाग,
ता. ३० जानेवारी १९३२

ती. मामांस सा. नमस्कार.

काल आम्ही जेवायला बसणार, एवढ्यात खिडकीतून आय दिसली. फाटकाशी आली नाही, रस्त्याच्या पलीकडे वडाखाली पाटी ठेवून उभी होती. मी धावत सुटले आणि फाटकातूनच हाक मारली, "आय!" रस्त्यावरची बैलगाडी थांबली.

ती म्हणाली, "हळू गो. मी भैरी न्हाय. दसऱ्यालाबी नव्हते."

मामा, मी तिथेच धुळीत बसले. तिने दंडाला धरून उठवलं. "लुगड्याला माती लागली, ऊठ. त्या पेतराची गोष्ट दादानं वाचली. मला एक सांग, येशू वळून बगतो, तो रागानं बगतो का?"

मी म्हटलं, तसं लिहिलेलं नाही.

"मंग रागानं न्हाय. रागानं बगितलं आसतं तर पुढं त्यालाच समद्यांचा म्होरक्या तांडेल केला नसता. तू वळखलंस का न्हाय, ते बगायला तो वळला न्हाय. तू जेवलास का, आसं बगतात तसा बगितला आसंल." मग पाटी उचलत म्हणाली, "मीबी वळून बगितलं व्हतं. तू मान खाली घातलीस, तुला दिसलं न्हाय."

पाटी मी घेतली. डोक्यावरून घेऊन फाटकातून आत आले आणि आयला सरळ जेवणघरात नेलं. नीराबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी आयला आपल्या शेजारी पान मांडलं. मी म्हटलं, "ही माझी आय." रतन गोंधळून म्हणाली, "पण दसऱ्याला तर तू..." मी म्हटलं, "दसऱ्यालाही हीच माझी आय होती. मी खोटं बोलले." रतनचा चेहरा उतरला. आयने तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुला जवळा आवडतो का गो?" संध्याकाळी त्या रतनने एकटीने आयने दिलेल्या जवळ्याची अर्धी पुडी संपवली, तीही नाकाला रुमाल न लावता.

आय भात जेवली. नीराबाईंना म्हणाली, "भात बरा हाय, आमटी पातळ." परीक्षेचं विचारलं तर एवढंच म्हणाली, "दादाकडून लिवून धाडते."

मी वाट बघते आहे.

आपली,
कोकिळा

आगरदांडा,
ता. १२ फेब्रुवारी १९३२

चि. कोकिळेस आशीर्वाद.

हे पत्र माझं नाही, माझा फक्त टाक आहे. केसरची सक्त ताकीद आहे की ती बोलेल तसंच उतरायचं, शहाणपणा करून 'आहे' घालायचं नाही. ऐक.

कोकिळा, आय सांगते. परीक्षेला बस.

माजं भ्या त्या पुस्तकाचं नव्हतंच. पोर शिकंल, मास्तरीन व्हईल आन् आपल्या घरचं शिवनार न्हाय, ह्याचं भ्या व्हतं. ते गेलं. देव आपला आपल्या घरी हाय, त्याला तू पुस्तक वाचलंस म्हनून राग यायचा न्हाय.

परीक्षावाले इचारतील, पुस्तकात मुख्य काय हाय. तू लई लांबन लावतेस, दादानं तुजी समदी पत्रं वाचली. मी आयकून आयकून काय समजले ते सांगते, पटलं तर सांग. ह्या पुस्तकात पानोपानी कोन ना कोन जेवायला बसलेला हाय. तो ज्याच्या त्याच्या घरी जेवतो. जकातवाल्याकडं, मोठ्या लोकांकडं, त्या दोघी बहिनींकडं. बाहेरचे कुरकुर करतात, हा कोनाच्या पंगतीला बसतो म्हनून. तो आयकत न्हाय. हरवलेला पोरगा आला, जेवन. मरायच्या आदल्या राती, जेवन. मेला, गाडला, उठला, तर वाटंतल्या दोघांना वळखू आला न्हाय, भाकर मोडली तवा वळखला. मंग घरात शिरून इचारतो, खायाला काय हाय? तवा त्यांनी भाजलेली मासळी दिली. आयकलंस? मासळी! म्हंजे पंगत मांडायची आन् बाहेर कोन उभा हाय ते बगून यायचं, एवडंच काम त्यानं मागं ठेवलं. बालवर्गाच्या पोरांना हेच शिकव, बाकीचं ती मोठी झाल्यावर शिकतील.

मास्तरीन झालीस तर बरं. न्हाय झालीस तरी तू शिकलीस ते कुठं जात न्हाय. कायबी झालं तरी शिमग्याला घरी ये. एकटी येऊ नको. त्या रतनला आन, तिच्या मैतरनी आन, बाई येत आसतील तर त्यांनाबी. म्हनावं, कोकिळाच्या आयनं जेवायला बोलावलंय. दोगी-तिगी आसल्या तर कायबी कळवू नको. पन समद्या येत आसतील तर आधी कागद टाक. एवड्यांचा भात आपल्या टोपात मावायचा न्हाय, जैनुद्दीनभाईंच्या घरचा मोठा टोप मागून आनावा लागंल.